तुळशीच्या डब्यातला भाऊ

आषाढात तुळशीची माती बदलत होते तेव्हा ते सापडलं. गांडुळाएवढं बारीक, काळं, चकचकीत. फेकायला उचललं तर बोटाला वेढा घालून इवलीशी जीभ काढली त्यानं. गांडूळ जीभ काढत नाही. सापाचं पिल्लूच आहे म्हणून मी ते परत डब्यातल्या मातीत सोडलं, वर ओलं पोतं टाकलं आणि रोज सकाळी माती उकरून बघायला लागले.

आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. आमच्याकडे नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. जावेचा भाऊ मोटारसायकलवर येतो, बाजेवर बसून चहा घेतो आणि ती पिशवी घेऊन मागे बसते. मी घरीच पुरणाची दिंडं उकडते. आदल्या दिवशी भावाचा उपवास असतो, तो भिंतीवर काढलेल्या नागालाच भाऊ मानून धरते. या साली भिंतीवरचा नको, डब्यातला जिवंत आहे, असं मनात धरलं होतं. कुणाला सांगणार नव्हते. पण जावेनं डब्यापाशी बघितलं, खोदून विचारलं, आणि मला खोटं जमत नाही.

"भाऊ कशावरून?" ती म्हणाली. "बहीण असंल तर? आदी बघून घे बाई, न्हाईतर उपास फुकट जायचा."

ती बोलून मोकळी झाली. बहीण मला होतीच.

मालकांना विचारलं, नर का मादी कसं ओळखायचं. ते जेवत होते. "म्हशीचं इचार, सांगतो. ते कोंबडीला टाक."

शेजारचे म्हातारे म्हणाले, शेपटी बघ, लांब आणि जाड असली तर नर, आखूड असली तर मादी. घरी येऊन बघितलं, तर दोन्ही टोकं सारखीच. तोंड कुठलं आणि शेपूट कुठली तेच कळेना. परत जाऊन सांगितलं तर म्हणाले, "मग तुजंच ध्यान न्हाई, पोरी." म्हशीला सुई द्यायला डॉक्टर आले होते. मी दाराआड उभी राहून वाक्य जुळवलं, तोवर त्यांनी गाडी चालू केली. पळत जाऊन विचारलं, तर ते मालकांकडे बघून हसले आणि गेले. उत्तरं दोनच होती, त्यातलं एकही कुणी द्यायला तयार नव्हतं. मी नुसती चडफडायचे.

मग शेजारच्या पत्र्याच्या शेडमागे नाग निघाला म्हणून सर्पमित्र आला. नाग बरणीत गेल्यावर मी पदराआडून डबा पुढे केला. त्यानं ते तळहातावर घेतलं.

"वाळा साप हाय हा, वैनी. पिल्लू न्हाई, मोठा झाला तरी एवढाच. इख न्हाई याला."

"नर का मादी?" पहिल्यांदा त्याला ऐकूच गेलं नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"मादीच. यांच्यात नर नसतुयाच. समद्या माद्या, एकट्याच अंडी घालत्यात."

"घ्या," जाऊ मागून म्हणाली. "यांच्या खानदानातच भाऊ न्हाई." सगळी गल्ली हसली.

मला त्या सर्पमित्राचा राग आला, किती पटकन सांगितलं म्हणून. त्या किड्यासारख्या जिवाचाही आला. पुढे बरेच दिवस तुळशीला पाणी घातलं, पण पोतं उचललं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी जावेचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. उपवास मी धरला होता, कुणासाठी ते ठरवलं नव्हतं. दुपारी युसूफ वडगावहून बहिणीचा फोन आला. तिचं सासर तिथं.

"कुणी आलं का गं न्यायला?" दर साली विचारते.

"कोण येणार? तुला?"

"मला तरी कोण?"

दर साली इथं आम्ही फोन ठेवतो. मी ठेवला नाही. "पिशवी भर. मी येते न्यायला."

"तू?"

"मीच. तिथून दोघी नांदूरघाटला, आईकडं."

सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणूस मुराळी झाल्यालं न्हाई बघितलं." मालक म्हणाले, "दिंडं कोण उकडंल?" मी पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्यावर गेले.

एक एसटी थांबलीच नाही, दुसरीत उभं राहावं लागलं. वाटभर ‘मीच मुराळी’ हे एकच वाक्य घोकत होते. बहिणीच्या दारात तिची सासू माझ्या मागे रस्त्यावर बघत राहिली.

"एकलीच? मुराळी कुठाय?"

मी उंबऱ्याकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात बहीण बाहेर आली, हातात पिशवी.

"ही काय," ती म्हणाली. "हीच हाय, आत्याबाई."

म्हातारीनं एकदा माझ्याकडं, एकदा पिशवीकडं बघितलं. मग आत गेली आणि मुराळ्याला देतात तसा चहा बाहेर बाजेवर आणून दिला. त्यात साखर नव्हती. मी सगळा प्यायले.