वीसच्या आधीचं उणे चिन्ह

"मेंढरं मोजण्यापुरतं गणित येतं तुम्हा लोकांना. हे तुझं असूच शकत नाही."

सरांनी माझी वही टेबलावरून ढकलली. ती घसरत खाली पडली. स्टाफरूममध्ये आणखी दोन सर चहा पीत होते. त्यातले एक हसले. सरांच्या समोरच्या खुर्चीत भैया बसला होता. त्याला बसायला सांगितलं होतं. मला नाही. मी वाकून वही उचलली, सरांच्या बुटाजवळून.

भैया माझ्याच वर्गातला. बीडला इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. तलवाड्याकडं आमच्या वस्तीच्या चारी बाजूंनी त्याच्या घरचं रान आहे. वडील पुढारी. म्हणून सरसुद्धा त्याला "भैया, बसा" म्हणतात. मी मेंढक्याची पोरगी. मला "ए".

भांडण वीस गणितांचं होतं. मेकॅनिक्सची वीस गणितं सोडवून द्यायची, त्यावर सरांची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं. आमच्या वस्तीवर पोरीचं वर्ष वाया गेलं की तिला दुसरं वर्ष मिळत नाही. स्थळ मिळतं.

मेकॅनिक्स मला येत होतं. अडले होते ते इंटिग्रेशनला. सरांना विचारायला गेले तर म्हणाले, "क्लास लाव." क्लास त्यांचाच. भैया त्या क्लासला जायचा. एक दिवस तोच माझ्या बाकाजवळ आला.

"आपल्याकडचीच हायस तू. क्लासच्या नोट्स देतो. तू तुझी मेकॅनिक्सची वही दी. बस."

मला तेव्हाच शंका आली. त्याच्या रानाच्या कडेनं मेंढरं गेली तरी त्याचे गडी काठ्या घेऊन धावतात. हा कावून गोड बोलतोय? पण मला नोट्स हव्या होत्या. मी वही दिली. चूक माझी. ती मी लपवणार नाही.

त्याच्या नोट्स त्यानं एका दिवसात परत नेल्या. मधली चार पानं नव्हतीच. माझी वही आठवडाभर त्याच्याकडं राहिली.

आणि आता दोन्ही वह्या सरांपुढं. सगळं सारखं. खोडलेलं जिथं मी खोडलं होतं, तिथंच त्यानंही खोडलेलं. सर मला म्हणाले, "भैयाच्या वहीवरून उतरवलंस. इथं लिहून दे, मी कॉपी केली, माफ करा. मग सही करतो."

मी म्हणाले, "सर, सातवं गणित काढा."

सातव्या गणितात पंचवीस मीटर उंचीवरून कुणीतरी दगड वर फेकतो. वेग वीस. तो जमिनीवर कधी पडेल? पुस्तक वरची दिशा धन धरतं. सगळा वर्ग तसंच धरतो. मी खालची धन धरते. कारण आमच्या वस्तीवरची माणसं उन्हाळ्यात विहिरी खोदायला जातात आणि विहीर वरून खाली मोजतात. एक परस, दोन परस, तीन परस. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. जितकं खाली, तितकं जास्त. मी लहानपणापासून तसंच मोजलं. हात तसाच वळतो. म्हणून माझ्या वहीत वर जाणाऱ्या दगडाच्या वीसच्या आधी उणे आहे. उत्तर तेच येतं. पाच सेकंद.

भैयाच्या वहीतही वीसच्या आधी उणे होतं.

"त्याला विचारा, उणे कुठून आलं."

भैया हसला. "पुस्तकात हाय की."

पुस्तक टेबलावरच होतं. त्यात ते नव्हतं. सरांनी सातवं गणित पाहिलं. आठवं पाहिलं. पानं उलटत गेले. सगळीकडं खालची दिशा धन. त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं. त्यांनी वही मिटली आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"ते जाऊ दे. लिहून दे अन् विषय संपव."

तोवर मला वाटायचं, या माणसांना आपली माहिती नाही, म्हणून ती असं वागतात. चळवळीच्या पत्रकांत 'व्यवस्था' हा शब्द शंभरदा वाचला होता. त्या दिवशी ती समोर बसली होती, हातात लाल पेन घेऊन. आणि तिला उत्तर येत होतं.

मी बाहेर येऊन बापाला फोन लावला. मागं मेंढरं ओरडत होती.

"चोरी केली म्हणून लिहून दे म्हणतेत."

"केलीस का?"

"न्हाई."

"मंग मला कावून ईचारायलीस?"

मी आत गेले. कागद कोरा परत ठेवला. दुसऱ्या कागदावर प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहिला. आम्हा दोघांनाही फळ्यासमोर उभं करा. दोघांनाही हीच गणितं विचारा.

मला उभं केलं. तीन सर, दीड तास. वीसही गणितं सोडवली. काठावरचे मार्क टाकून सही दिली. भैयाला कुणी बोलावलं नाही. त्याला माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त आहेत.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. खेड्यातली पोरं-पोरी माझ्याकडं मेकॅनिक्स घेऊन येतात. मी वही देत नाही. समोर बसायचं, आकृती स्वतः काढायची, अडलं तिथं विचारायचं. परवा युसूफवडगाव गावची एक पोरगी रडवेली झाली. "ताई, मी तसली न्हाई." मला वाईट वाटलं. तरी वही दिली नाही. तिला शेजारी बसवलं, उठले तेव्हा दुपार सरली होती.

हा संशय मी जन्मताना आणला नव्हता. ज्यांनी तो दिला, त्यांना तो परत घ्यायला लावीन.

माझा अर्ज अजून ऑफिसात आहे. अर्धाच पूर्ण झालेला. दर सोमवारी मी खिडकीशी जाऊन विचारते, भैयाची तोंडी परीक्षा कधी? क्लार्क म्हणतात, "पोरी, पास झालीस ना? सोड की आता."

येत्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.