पेवावरची मोटार

गाडीच्या चेंबरखालचा नट सोडवला, की जुन्या तेलाची पहिली धार सरळ खाली पडत नाही, तिरपी उडते. घमेलं बरोबर नटाखाली ठेवणाऱ्याचं अंगण हमखास काळं होतं. माझं होत नाही. या वयातही माझ्या गाडीचं तेल मी घरीच बदलते आणि शेजाऱ्यांनी कितीही हसून घेतलं तरी बदलत राहणार आहे. आज सकाळी घमेलं वीतभर पुढे सरकवून ठेवलं, धार नेमकी त्यात पडली आणि जळक्या, कोमट तेलाचा दाट वास अंगणभर पसरला. लोक या वासाला नाक मुरडतात. मला त्याच्या पाठोपाठ जुन्या ज्वारीचा वास येतो. उन्हात तापलेल्या काळ्या मातीचा, कडब्याचा, जमिनीत वर्षभर कोंडून ठेवलेल्या धान्याचा. हे दोन वास एकमेकांना कसे चिकटले, हे सांगायचं तर आळंदच्या बाजूला, माझ्या सासरच्या अंगणात जावं लागेल. हैदराबाद राज्य अजून एकसंध होतं आणि त्या घरात मी नवीच सून होते.

तिकडे तेव्हा ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे अंगणात खणलेला खोल, पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून माती लिंपायची. वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नसे की आपण वर्षभराच्या भाकरीवरून चाललो आहोत. हैदराबाद भारतात आलं त्या धामधुमीच्या वर्षात, गावोगावची घरं लुटली जात होती तेव्हा, आमच्या घरातल्या माणसांना या पेवानंच जगवलं होतं. त्यामुळे माझे सासरे, मामंजी, सकाळी अंगणात आले की आधी त्या शिळेला हात जोडत आणि मग तोंड धुवायला जात.

मामंजींचं दुसरं दैवत म्हणजे मोटार. जहागिरी गेल्या तेव्हा एका जहागीरदारानं ती विकायला काढली आणि तूर-ज्वारीचा व्यापार करणाऱ्या मामंजींनी ती हौसेनं घेतली. काळी, उंच, अंगानं दणकट आणि स्वभावानं तऱ्हेवाईक. ते ती चालवत मात्र झोकात. वाटेवर चिटपाखरू नसलं तरी भोंगा वाजवत. पण मोटारीच्या वरची बाजू त्यांची आणि खालची ड्रायव्हरची, अशी जणू वाटणीच झाली होती. तो ड्रायव्हर बरी नोकरी मिळाली म्हणून हैदराबादेला गेला आणि खालची बाजू बेवारस झाली. तेल बदलायची वेळ केव्हाच टळून गेली. तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर टोकाला डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं. मामंजींचा गुडघा असा धरलेला, की त्यांना लिंगपूजेलाही पाटावर बसता येत नसे, मग मोटारीखाली कुठले शिरणार! या तेलावर गुलबर्ग्याच्या कारखान्यापर्यंत जावं, तर इंजिन वाटेतच जाम होणार. उमरग्याचा एक व्यापारी मोटार आहे तशी न्यायला तयार होता आणि मामंजींचं मन हळूहळू त्याच्याकडे कलत होतं.

नेमके तेव्हाच मला दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आई माझ्या लहानपणीच गेलेली. हे नोकरीपायी लांब, हैदराबादेला. सुईणीनं पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं. कळा सुरू झाल्या की गुलबर्ग्याचा दवाखाना गाठायचाच, असं तिनं बजावलं. आधीच जाऊन राहावं, तर तिथे आमचं कोणी नव्हतं. मी रात्रंदिवस घाबरलेली असे, हे आज सांगायला मला कसलाही संकोच नाही. माझ्याहून घाबरलेल्या होत्या त्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. त्यांचं पहिलं मूल बैलगाडीतून गुलबर्ग्याला जाताना वाटेतच, एका लिंबाच्या झाडाखाली गेलं होतं. हे मला शेजारणीकडून कळलं होतं. आत्याबाई त्याविषयी कधीच बोलल्या नव्हत्या.

मोटार विकायची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी तेल बदलायचं काम आपल्या हाती घेतलं. आधी पुढची चाकं दगडांवर चढवून बघितली. गडी वाकून खाली शिरणार, एवढ्यात एका चाकाखालचा दगड फुटला आणि मोटार धाडकन खाली बसली. माजलेल्या बैलाच्या पोटाखाली बिनधास्त शिरणारी ती माणसं त्यानंतर मोटारीच्या सावलीलाही उभी राहीनात. आत्याबाई ओसरीवर गालाला हात लावून बसल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांची नजर पेवाच्या शिळेवर गेली. पेव त्या दिवसांत रिकामं होतं, नवी ज्वारी यायला अवकाश होता.

"मोटार पेवावर आणा," त्या म्हणाल्या. "दोन्ही अंगानं चाकं ठिवा. मी आत शिडीवर हुबी राहते. वाकायची गरज न्हाई आन् पाठ टेकायची बी न्हाई."

मामंजींचा आवाज चढला. "कामून? लक्ष्मीची जागा हाय ती. तिथं इंजिनाची घाण करायलीस व्हय?"

"लक्ष्मी निस्ती ज्वारीतच असती व्हय?" आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "मग ही कोण हाय?"

मामंजींनी गड्यांना हाक मारली. शिळा निघाली. कोंडलेल्या पेवात वाईट हवा साचते आणि घाईनं उतरलेला माणूस परत वर येत नाही, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक. आत्याबाईंनी दोरीनं कंदील आत सोडला, तर तो विझलाच. घरभर चुळबुळ सुरू झाली, पण त्या ढिम्म हलल्या नाहीत. पेव दिवसभर उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपून पुन्हा कंदील सोडला आणि या वेळी ज्योत तळापर्यंत शांत जळत गेली. मग कंदील वर घेतला, शिडी लावली, मोटार थोडा वेळ चालू ठेवून तेल कोमट केलं. थिजलेलं तूप भांड्याला धरून बसतं आणि कोमट झालं की आपसूक ओघळतं, तेवढीच ही विद्या. नव्या तेलाचा डबा गुलबर्ग्याहून बसच्या टपावरून आलेला होता. तो फोडून हाताशी ठेवल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, असा आत्याबाईंनी दंडक घातला. मोटार सावकाश पेवावर आली, बंद झाली, चाकांना दगड लागले. आत्याबाईंनी पदर खोचला, मोटारीच्या पुढून सरकत शिडीवरून खाली उतरल्या आणि मोटारीखाली पेवाच्या तोंडातून त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे वर राहिले. मामंजी वरून सांगत होते, पाना कसा धरायचा, कुठल्या बाजूला फिरवायचा. मी बाजल्यावर बसून बघत होते.

नट सुटला आणि धार तिरपी उडाली. पेवाच्या तोंडाशी टेकवलेलं घमेलं कोरडंच राहिलं आणि सगळं काळं तेल आत्याबाईंच्या खांद्यावरून पेवात गेलं. कडब्यावर, भिंतींच्या मातीवर, तळाशी उरलेल्या चार दाण्यांवर.

"गेलं," मामंजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "पेव गेलं. आता ह्यात ज्वारी ठिवली तर ढोरं बी तोंड लावणार न्हाईत."

"पेव दुसरं खांदू," खालून आत्याबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, इतकी वर्षं न काढलेला विषय त्यांनी तिथून, त्या काळोख्या खड्ड्यातून काढला. "लेकरू कुठनं आणावं?"

मामंजींनी डोईचा पांढराशुभ्र रुमाल सोडला, दुखऱ्या गुडघ्यानं कसेबसे खाली वाकले आणि तो मोटारीखाली पुढे केला. "हात पूस," म्हणाले, "आन् नट घट्ट बसीव." त्या घरात मी पुष्कळ प्रेम पाहिलं, पण मोटारीखाली सरकलेल्या त्या पांढऱ्या रुमालाची सर कशालाच आली नाही. नवं तेल ओतायला नरसाळं नव्हतं, म्हणून बैलांना औषध पाजायची वेळूची नळी धुऊन, वाळवून लावली. मधाच्या रंगाचं तेल एक थेंबही न सांडता आत गेलं.

पुढे एका सकाळी कळा सुरू झाल्या. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि अंगणातून सुटली ती थेट वाटेला लागली. आत्याबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. एरवी गुलबर्ग्याला जाताना ते लिंबाचं झाड आलं की त्या मान फिरवत, हे मी पूर्वी पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी फिरवली नाही. मामंजींनी भोंगाही वाजवला नाही आणि वेगही कमी केला नाही. ज्या झाडाखाली त्या दोघांचं सगळं थांबलं होतं, ते बघता बघता मागे पडलं. माझ्या कपाळावरचा आत्याबाईंचा हात तेव्हा कुठे सैल झाला. दवाखान्यात मुलगी झाली, सुखरूप आणि खणखणीत आवाजाची. नर्सबाईंनी मात्र आत्याबाईंची काळी नखं बघून त्यांना बाळाला हात लावू दिला नाही. राखेनं, रिठ्यानं, कशानंच ती नखं स्वच्छ होईनात, आणि आजी झालेली ती बाई नातीला डोळे भरून दारातूनच पाहत राहिली.

मग राज्याची वाटणी झाली. माझं सासर म्हैसूरकडे गेलं आणि माहेर मुंबईकडे. दुसरं पेव काही खणलं गेलं नाही, पोती आणि गोदामं आली. मोटार भंगारात गेली, आणि ती दोघं माणसंही एकामागून एक गेली. काळ बरंच काही नेतो, पण त्याला सगळंच नेता येतं असं मी मानत नाही. काही वर्षांपूर्वी सासरच्या त्या अंगणात नवं बांधकाम काढायचं ठरलं, तेव्हा पेव बुजवण्याआधी त्याची शिळा हलवली. आतून वास आला, जुन्या ज्वारीचा आणि जळक्या तेलाचा. माझी लेक शेजारीच उभी होती. आता तिचेही केस पिकू लागले आहेत. तिनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "आई, हे कशानं इतकं खराब झालंय?"

"वाकून बघ," मी म्हटलं. "तुझ्यासाठी उघडलं होतं ते."