मागच्या शॉकमधली हवा

मुलुंडच्या आमच्या घरात दोन खोल्या, एक हॉल आणि एक सायकल आहे. सायकल हॉलमध्ये राहते. सोफ्याची एक बाजू तिच्याकडे गेल्यामुळे पाहुणे आले की त्यांतल्या एकाला हँडलपासून अंग चोरून बसावं लागतं. ती खाली पार्किंगमध्ये ठेवता आली असती, पण मुलीच्या मते तिथे धूळ असते. दगडधोंड्यांतून आणि चिखलातून डोंगर उतरण्यासाठी खास बनवलेल्या या सायकलला सोसायटीतली धूळ सोसत नाही. मी आता यावर वाद घालत नाही.

मुलगी सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावरून खाली येते. सायकल चालवते असं म्हणणं बरोबर होणार नाही, कारण चढावर ती सायकल ढकलत नेते आणि उतारावर तिला सोडून देते. या खेळात पॅडल मारणं ही नाइलाजाची गोष्ट समजतात. जो सगळ्यांत आधी खाली पोचतो तो जिंकतो. आधी पोचण्याचा आणखी एक मार्ग तिने गेल्या वर्षी दाखवला. लोणावळ्याच्या पुढे स्पर्धा होती. तिथल्या उतरणीत छातीएवढ्या उंचीचा एक कडा आहे आणि त्यावरून सायकलसकट उडी घ्यायची असते. तिने घेतली. मागचा शॉक तळाला जाऊन खाडकन आपटला, सायकलने तिला पुढे भिरकावलं, आणि उरलेली उतरण ती सायकलशिवाय उतरली. त्यानंतर मनगट बरेच दिवस प्लास्टरमध्ये होतं.

शॉक म्हणजे सायकलच्या पोटात, सीटच्या खालच्या अंगाला बसवलेली वीतभर लांबीची जाडजूड नळी. तिच्यात हवा कोंडलेली असते. मागचं चाक कशावर आदळलं की ही नळी दबते आणि तो धक्का स्वतः घेते. ती पुरेशी दबली नाही तर धक्का चालवणाऱ्याच्या कण्याला मिळतो आणि जास्तच दबली तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

यंदा तीच स्पर्धा, तीच उतरण आणि तोच कडा होता. त्या कड्यावरून आपण नीट उतरलो नाही तर आपण हा खेळ सोडून देऊ, असं मुलीने जाहीर केलं. बायको म्हणाली, "मग आत्ताच सोड ना!" त्यावर मुलीने नवा शॉक मागवला. जुन्यापेक्षा मोठा, आत हवेला जास्त जागा, आणि शेवटी आपटू नये म्हणून आणखी काहीतरी. किंमत विचारली तेव्हा "बाबा, तुझं बीपी सांभाळ" एवढंच उत्तर मिळालं.

शॉक बसवण्याचा कार्यक्रम एका रविवारी हॉलमध्ये पार पडला. मुलीने जुना काढला, नवा लावला, बोल्ट आवळले. ती हात धुवायला गेली तेवढ्यात बायको देवघरातून करंडा घेऊन आली. आमच्या घरी नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं. फ्रीजला लागलं, वॉशिंग मशीनला लागलं, इन्व्हर्टरला लागलं. शॉकमध्ये एक चकचकीत दांडा असतो, तो नळीच्या आतबाहेर होतो. सगळ्यांत शोभिवंत भाग तोच, म्हणून बायकोने बोट नेमकं तिथे टेकवलं.

मुलगी मोरीतून आली आणि किंचाळली.

"आई! तिथे सील असतं! बारीक कण आत गेला तर सील फाटतं, हवा गळते!"

"कण कसला? कुंकू आहे. देवाचं."

"देवाचं असलं तरी कणच ना तो!"

"चिखलात घेऊन जातेस तेव्हा कण नसतात वाटतं?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला, पण मी तसं बोललो नाही. मुलीने दांडा मऊ फडक्याने पुसून घेतला आणि पुढचं काम काढलं.

ते काम मात्र माझ्या आवडीचं निघालं. चालवणारा पूर्ण तयारीनिशी सायकलवर बसला की शॉक ठरावीक प्रमाणात दबला पाहिजे. दांड्यावर एक रबरी कडं असतं, ते दबताना सरकतं आणि तिथेच थांबतं. मग पट्टीने मोजायचं. त्याप्रमाणे छोट्या हातपंपाने हवा कमीजास्त करायची. पंपाला काटा असतो. मुलगी हेल्मेट, गुडघ्याच्या ढाली, बूट असा सगळा साज चढवून पॅसेजमध्ये सेफ्टी डोअरला धरून सायकलवर बसली, आणि मी जमिनीवर आडवा होऊन पट्टीने मोजलं. समोरच्या घरातल्या काकू कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि डबा घेऊनच आत गेल्या. शेवटी काटा एकशेपासष्टवर असताना माप तंतोतंत जुळलं. एवढी वर्षं हा खेळ मला निव्वळ आत्महत्येचा सोपा प्रकार वाटत होता. त्यात आकडे आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आता याला हात लावायचा नाही," मुलगी आम्हा दोघांना म्हणाली. "आई, कुंकू नाही. बाबा, तूही नाही."

मी एका पतपेढीत अंतर्गत तपासणीला आहे. दुसऱ्याने केलेलं काम बरोबर आहे ना हे पुन्हा पाहायचं, याचा मला पगार मिळतो. लिफ्टचं बटण पेटलेलं असलं तरी मी ते एकदा दाबतो. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून पाहतो आणि जिना उतरल्यावर वर येऊन पुन्हा ओढतो. असा माणूस ज्या घरात आहे तिथे काटा असलेला पंप टीव्हीखालच्या खणात ठेवायचा आणि हात लावू नकोस म्हणायचं, ही मुलीची चूक होती. शिवाय मी हात लावणार नव्हतोच. मी फक्त बघणार होतो.

दुसऱ्या दिवशी मुलगी ऑफिसला गेल्यावर मी पंपाची नळी शॉकला जोडली. काटा एकशेपासष्टच्या खाली होता. फार नाही, पण खालीच. नळी सोडवताना फुस्स झालं, ती पंपातली हवा असणार असं धरून चाललो. संध्याकाळी ती यायच्या आत पुन्हा पाहिलं. आणखी खाली. मी ही तपासणी सकाळ-संध्याकाळ चालू ठेवली, कारण एकदा पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांची मला चीड आहे. दर वेळी आकडा आधीपेक्षा कमीच भरत होता. महागड्या परदेशी वस्तूंविषयीचं माझं मत इतक्या नियमितपणे खरं ठरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

अडचण एवढीच होती की हे कुणाला सांगता येत नव्हतं. पुरावा हातात आणि तोंड बंद, अशी ती अवस्था.

शनिवारी मुलगी ठाण्यापलीकडच्या टेकडीवर सरावाला गेली आणि परत आली ती संतापूनच. सायकल मागून गादीसारखी बसत होती म्हणे. तिने पंप लावला, आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग हवा भरून पुन्हा एकशेपासष्टवर आणली. पुढचे दिवस माझी तपासणी अर्थातच चालू होती. गुरुवारी तिने पुन्हा पंप लावला, तर हवा पुन्हा उतरलेली.

"वाट लागली! सील गेलंय. आई, बघितलंस? सांगत होते ना!"

"माझ्या कुंकवाने?" बायको पोळपाट तसाच टाकून बाहेर आली. "अगं, तुझ्या आजीच्या शिलाई मशीनला दर दसऱ्याला कुंकू लागायचं. ते कधी गळलं नाही."

"शिलाई मशीनमध्ये हवा नसते, आई."

"अहो, तुम्ही काहीतरी बोला ना!"

मी बोललो. "मला पहिल्यापासून शंका होती," असं म्हणालो. शंका कशाची, ते सांगितलं नाही. बायकोने ती आपल्यावरच घेतली आणि त्या रात्री मला पोळी वाढताना ती पानावर ठेवण्याऐवजी टाकली.

मुलीने घाटकोपरच्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. तो म्हणाला, शॉक आणून दे, कंपनीकडे पाठवू, पण महिना तरी धरून चाल. स्पर्धा तोंडावर होती. मुलगी म्हणाली, "ठीक आहे. उद्या सकाळी हा देऊन येते. रविवारी जुनाच लावून उतरते."

जुना म्हणजे ज्याने तिला फेकून दिलं होतं तो.

"त्याच्यावर?" बायको म्हणाली. "त्याच कड्यावरून?"

"नाव दिलंय आई. आणि या वेळी नाही उतरले तर परत कधीच नाही उतरणार, मला माहितीये."

 बायको देवघरात गेली, करंडा उचलला आणि कपाटाच्या वरच्या खणात, तिचा हात पुन्हा सहज पोचणार नाही इतक्या मागे ढकलून ठेवला. आजवर तिच्या हळदकुंकवाची मी पुष्कळ टिंगल केली असेल, पण तो खण बंद होताना मला बरं वाटलं नाही.

मुलगी आंघोळीला गेली. मी मनाशी म्हटलं, दुकानदार हात झटकायच्या आत आपल्याकडे काहीतरी पक्कं हवं. शेवटचा आकडा मोबाइलवर फोटो काढून ठेवू. तिने नुकतीच एकशेपासष्टपर्यंत हवा भरून ठेवली होती. मी पंप जोडला, काटा एकशेसाठच्या आत आला, फोटो काढला, पंप सोडवला. फुस्स. फोटो बघतो तर काट्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आला होता. पुन्हा जोडला. काटा आणखी खाली. हा फोटो हलला. चष्मा लावून तिसऱ्यांदा जोडला. आणखी खाली.

मी जमिनीवरच बसून राहिलो. एवढी गळती आठवडाभरात झाली तर सील खराब म्हणता येईल. चहा निवायच्या आत झाली तर हवा गळत नाही, कुणीतरी काढतंय. आणि हॉलमध्ये मी एकटाच होतो. पंपाची नळी जोडली की शॉकमधली थोडी हवा रिकाम्या नळीत शिरते. सोडवताना फुस्स होतं ती हीच हवा. ती पंपाची नव्हतीच. मी रोज सकाळ-संध्याकाळ शॉकचा एकेक घोट काढून घेत होतो आणि मग तो कमी भरतो म्हणून परदेशी मालाला नावं ठेवत होतो. नोकरीत एखाद्या कारकुनाने असं केलं असतं तर मी त्याच्यावर शेरा मारला असता.

मुलगी केस पुसत बाहेर आली. मी पंप लपवला नाही, कारण पाठीमागे लपवायला तो नळीसकट लांब होता.

"बाबा. काय करतोयस?"

"बघत होतो."

"कधीपासून?"

"तू बसवलास तेव्हापासून."

"रोज?"

"दोनदा."

तिने टॉवेल खुर्चीवर ठेवला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. पंप लावला की थोडी हवा जाते हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. घरात कुणीतरी दिवसातून दोनदा पंप लावतं, एवढंच माहीत नव्हतं.

"आई!" तिने हाक मारली. "इकडे ये. गळती सापडली. इथे बनियन घालून बसलीये."

बायको आली. सगळं ऐकून घेतलं. मी वाटेल ते ऐकायच्या तयारीत होतो. ती मला एवढंच म्हणाली, "तरी मी म्हटलं, गॅसचा सिलिंडर एवढ्या लवकर कसा संपतो." त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता, हे मी आकडे देऊन दाखवू शकलो असतो.

मुलीने हवा भरली, पंप स्वतःच्या बॅगेत टाकला आणि बॅगेला कुलूप लावलं. सकाळी सायकलवर बसून पाहिलं. माप जिथल्या तिथे होतं. घाटकोपरला फोन करून तिने "गैरसमज झाला" असं सांगितलं. घरातल्या कुणाचा, ते सांगितलं नाही. तेवढी माया तिने दाखवली.

रविवारी आम्ही दोघं त्या कड्याच्या खाली जाऊन उभे राहिलो. बायको येणार नव्हती, पण घरी बसून वाट पाहण्यापेक्षा तिथे डोळे मिटून उभं राहणं तिला सोपं वाटलं. बघायला आलेल्यांनी मागे राहावं म्हणून दोरी बांधली होती. वरून एकेक जण येत होता, उडी घेत होता, खाली आदळत होता आणि वळणाआड जात होता. एक मुलगा आपटला, उठला आणि उगाच हसला. बायकोने माझं मनगट धरलं.

मग मुलगी आली. लाल हेल्मेट कड्यावर दिसलं आणि सायकल हवेत गेली. मागचं चाक खाली टेकलं, शॉक खोल बसला, पार तळाशी जातो की काय असं वाटलं, आणि मग तो एखादा शहाणा माणूस खुर्चीतून उठावा तसा सावकाश वर आला. तीही त्याच्याबरोबर वर आली, आणि वळणाआड गेली.

बायकोचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"पडली?"

"नाही."

"मग ओरडली कोण?"

"तीच."

"काय म्हणाली?"

"बाबा, दोरीच्या मागे हो."