वाट्याची अंडी

ऊन कसं सोसायचं हे आम्हा अकोल्याच्या लोकांना कुणी शिकवायला नको. कूलरला वाळा लावतो, खिडकीला ओलं पोतं टांगतो, कोंबड्यांच्या खुराड्यावरसुद्धा पाणी मारतो. थंडीच्या बाबतीत मात्र आम्ही अगदीच कच्चे. जरा गारठा पडला की कानाला रुमाल बांधून एकमेकांना घाबरवत बसतो. यंदा मी घाबरले ती अंड्यांपायी, आणि ती अंडीही माझी नव्हती.

शेजारची भाभी भाचीच्या लग्नाला अचलपूरला माहेरी निघाली, तेव्हा टोपलीत अंडी देऊन गेली. तिच्याकडे कोंबडा होता, पण अंड्यांवर बसेल अशी कोंबडी नव्हती. माझी कोंबडी खुडूक व्हायच्या बेतात होती. अशी अंडी आमच्याकडे वाट्यानं बसवतात.

"तुमची कोंबडी बसली का तिच्या खाली सरकवजा, ताई," ती म्हणाली. "आदे पिल्ले तुमचे, आदे माहे."

तिचा तो लाल मानेचा कोंबडा पिल्लू असताना तिनं माहेराहून एसटीत मांडीवर बसवून आणलेला. त्याची औलाद वाढावी एवढीच तिची हौस होती.

माझी कोंबडी काही लवकर बसेना. तेवढ्यात थंडीची लाट आली. चिखलदऱ्याला गवतावरचं दव गोठल्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर पाठवला आणि माझ्या जिवाला घोर लागला.

"अवं, ते चिखलदरा हाये," नवरा म्हणाला. "इथं काय अंडे गोठतेत?"

मी त्यालाच झापलं. ज्वारीच्या मडक्यात ठेवलेली अंडी काढली, जुन्या गोधडीत गुंडाळली आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीजवळ ठेवली. झोपायच्या आधी हात लावला की कोमट लागायची. पहाटेपर्यंत विस्तव विझून गार पडायची. संध्याकाळी चूल पेटली की पुन्हा तिथेच. लेकरासारखी जपतेय असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता.

मग कोंबडी बसली. भाभीही लग्नाहून परतली आणि रोज भिंतीवरून विचारायला लागली. तीन आठवडे उलटून गेले तरी एकही अंडं फुटेना. एका सकाळी ती बाजारात गेलेली पाहून मी मोरीमागे एक अंडं फोडलं. घाण वास आला, आणि आत काळपट रक्ताची बारीक कडी दिसली. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, सगळी तशीच. म्हणजे कोंबड्यानं आपलं काम चोख केलं होतं. अंड्यांत जीव धरला होता आणि सुरुवातीलाच मेला होता.

हिवरखेडची माझी आई बसवायची अंडी चुलीच्या आसपास फिरकू द्यायची नाही. "अंड्याले एकदा ऊब लागली का मंग ते सुटली नाई पाह्यजे," म्हणायची. "तवरोक थंडच राहू दे." हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या एका व्हिडिओपुढे ते कसं विसरले, देव जाणे.

भाभीला मी सांगितलं, "सगळे कोरे निघाले. पान्यावानी."

रक्त म्हटलं असतं तर तिनं लगेच विचारलं असतं, की तुमी काय केलं? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. अंडी कोरी निघाली म्हणजे कोंबड्यात दम नाही, हे शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. तिच्या तर तेव्हाच आलं होतं.

"मंग कोंबडाच बाद झाला म्हना," ती म्हणाली.

"राहू द्या ना थोडे दिवस. थंडीनंबी झालं असंन."

"कायची थंडी, ताई? नुसते दाने खाऊन राहिला तो."

तेव्हा मी बोलू शकले असते. कोंबडा भिंतीपलीकडे माती उकरत होता, मला दिसत होता. मी धुणं वाळत घालायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभी झाकलेलं पातेलं घेऊन दारात आली. आत कोंबड्याचा रस्सा होता. तिचे डोळे सुजलेले दिसले.

"आदा वाटा तुमचा," ती म्हणाली. "पिल्ले त भेटले नाई तुमाले. पन बोली ते बोली."

आता मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. "भाभी, अंडे कोरे नव्हते. रक्त होतं त्याईच्यात. मीच चुलीपाशी ठेवले होते."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मी निदान हात तरी जोडले असते. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"काल काऊन नाई सांगतलं, ताई?" एवढंच म्हणाली आणि गेली.

नवऱ्यानं रस्सा खाल्ला आणि चव चांगली आहे म्हणाला. मी त्याच्यावर उगाचच खेकसले. मला माझीच लाज वाटत होती, आणि ती अजून गेलेली नाही.

पातेलं मी घासूनपुसून फळीवर ठेवलंय. भाभी ते मागत नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि त्यात काय घालून नेऊ हे मला सुचत नाही.