पोवळ्याची पिल्लं

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं वाचताना तुम्हाला तसं वाटणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरच्या एका शाळेत मी विज्ञानाचा तात्पुरता मास्तर होतो. कायम होणं हेडमास्तरांच्या हातात होतं, आणि हेडमास्तरांवर छाप पाडायला माझ्याकडे होती फक्त बैठकीतली माशांची पेटी! तिच्यात दोन लाल मासे आणि साळ्यानं रामेश्वरहून आणलेलं पांढरं पोवळं. (पोवळं समुद्रातलं, पाणी आमच्या विहिरीचं. पण कौतुकात एवढं कोण पाहतो?)

एका सकाळी बायको ओरडली, "अहो, याच्यावर काहीतरी उगवून राहिलं!"

पाहतो तर पोवळ्याच्या खळग्यांत पांढरे, मऊ, लव आलेले गोळे! शेजारच्या कंपाउंडरनं काचेला नाक लावून निदान केलं, "खरूज होय मास्तर. गंधक लावा."

"फेकून द्या बाप्पा," बायको म्हणाली. "वास येऊन राहिला."

मी भिंग लावून पाहिलं आणि आनंदानं उडालोच. "अगं, पोवळं जिवंत आहे! ही त्याची पिल्लं होत!"

"दुकानात तर वाळून खडंग झालं होतं म्हणे."

"झोपलं होतं ते!"

रोज एखादं नवं पिल्लू दिसू लागलं. पाहायला मोहगावहून माणसं आली. आईलाही हाताला धरून आणलं. "आई, पाह्य पिल्लं!" तिला चष्म्याशिवाय पेटीसुद्धा धड दिसत नव्हती, तरी तिनं हात जोडले. "देवाची करणी, बाप्पा!"

बातमी शाळेत पोचली. हेडमास्तर म्हणाले, "जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात हेच पाठवू. मी शनिवारी येऊन पाहतो. खरं निघालं, तर तुमचं काम पक्कं समजा."

शनिवारी हेडमास्तर आले. मी छडी घेऊन एकेक पिल्लू दाखवत होतो. श्वास कसा घेतं, खातं काय, सगळं सांगितलं! (मलाही ते तेव्हाच कळत होतं.) हेडमास्तर मान डोलवत होते. माझी नोकरी मला डोळ्यांसमोर कायम होताना दिसत होती.

तेवढ्यात आई वाटी घेऊन आली. तिनं चाचपत पेटीचं झाकण सारलं आणि कणकेची एक गोळी पाण्यात सोडली. गोळी डुलत डुलत खाली गेली आणि पोवळ्यावर, बाकीच्या पिल्लांच्या शेजारी, जाऊन बसली.

"आई! हे काय करून राहिली तू?"

"पुण्य, बाबू! रामाकोन्याले कन्हान नदीत मासोळ्याईले गोळ्या टाकाले जात होती ना मी. आता गुडघे चालत नाही. मासोळ्या घरीच आहेत, तर कायले जाऊ?"

"रोज टाकतेस?"

"रोज. अन् खातेत बरं!"

मासे कोपऱ्यात पोट फुगवून पडले होते. माझ्या हातातली छडी गळाली.

हेडमास्तरांनी वाकून त्या ताज्या गोळीकडे पाहिलं. "काऊन मास्तर, हे आताच जन्मलं काय?"

बायको चहाचा ट्रे तिथंच ठेवून आत पळाली. तिचं हसू स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं.

प्रदर्शन राहिलं. पण हेडमास्तर दिलदार माणूस. त्यांनी मला कायम केलंच! फक्त विषय बदलून गणित दिलं.

"त्याच्यात काही जिवंत नसते मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या हाती सुरक्षित राहील."