लडाखचं फूल आणि आबांचा कूलर

आता माझी अक्कल किती थोर, ते माझ्याच तोंडून ऐका गड्यांनो. चहा घ्या, गार करू नका. गार करायचं खातं आमच्या घरात माझ्याकडं हाय.

फौजेतनं निवृत्त होताना लोक लडाखहून शाली आणत्यात. मी पत्र्याच्या मगात रोपटं आणलं! वीतभरसुद्धा न्हाई, पण बर्फ वितळला की पिवळंधमक फुलतंय. पाच पाकळ्या, वार्निश मारल्यागत चकचकीत. पानं कोथिंबिरीगत कातरलेली. आणि विषारी इतकं, की याकसुद्धा तोंड लावत न्हाई.

आमच्या गावी, शिराळ्याला, ते कुंडीत लावलं, तर उन्हाळ्यापायी त्यानं आल्या आल्या मान टाकली. मग मी काय करावं? घरात कूलर एकच. माझे वडील, आबा, त्यांच्या खाटेपुढनं तो उचलला आणि कुंडीपुढं लावला!

"आरं, आन् माझं काय?"

"आबा, त्याला थंडीची सवय हाय. तुमाला उन्हाची."

लेक असावा तर असा, न्हाई का?

बायको फ्रिजमध्ये बर्फ करायची, मी मुळाशी घालायचो. आणि पालवी फुटली की! पानं तीन-तीनच आली, म्हटलं, हवापालट. मग पिवळं फूल आलं. चकाकी न्हवती, म्हटलं, नवीन हाय, लाजत असंल. अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

एका दुपारी बघतो तर कुंडीत एकच देठ उरलेला. शेजारी आबा तोंड पुसत बसलेले.

"आबा, झाड कुठाय?"

"खाल्लं. आता फिरीव कूलर."

मी उरलेला देठ उपटला. "आवं, जहर हाय ते!"

नागपंचमीच्या नागांसाठी गाजलेल्या गावात राहून बाप फुलानं मारणारा मी पहिलाच! देठ मुठीत धरून, रडत रडत, जीपनं थेट सांगलीचा दवाखाना गाठला. वाटेत आबा म्हणत्यात, "चव बरी हुती रं."

डॉक्टरीणबाईंनी आबांना तपासलं, मग देठ उलटसुलट करून बघितला.

"हे लडाखचं?"

"व्हय! बर्फातलं!"

"सुभेदार, ही आंबुशी. लहानपणी आई चटणी करायची हिची. तुमच्या उसात बी असंल की."

म्हंजे लडाखची पाहुणी कवाच गेली हुती. तिच्या कुंडीत उगवलेलं तण मी बर्फ घालून पोसलं हुतं! पण बाप वाचला. खाटेशी बसून मी पुन्हा रडलो, या खेपेला आनंदानं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा ठणठणीत हायेत, घरी न्या."

डोक्यावर एसी चालू हुता. आबांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

"नगं बाई, ऱ्हाऊ द्या मला हितंच. हितं गारवा माणसाला लावत्यात."