ग्रेडर साहेबाची मूठ

घाटंजीत आमच्या यायले श्रीकृष्ण म्हणून कोणी ओळखत नव्हतं, सारे ग्रेडर साहेबच म्हणत. मी शोभा, त्यायची बायको. कापूस खरेदी केंद्रावर बैलगाडी लागली का हे उठत, गाडीतून कापसाचा एक पुंजका काढत, दोन्ही हाताचा अंगठा अन् पहिलं बोट एवढ्याच चिमटीत धरून हळूच ओढत, धाग्याची लांबी पाहत अन् गाडीले ग्रेड लावत. त्या चिमटीवर आमचं घर चाले, आमच्या पोरीचं, आभाचं, अमरावतीचं शिक्षण चाले, अन् यायचा तोराही चाले. घरात मात्र पाण्याचा गिलास उचलून ठेवला नाही या माणसानं कधी. बापूजी, म्हणजे माहे सासरे, तहसिलीत होते, अन् त्यायच्या घरी बाप्या माणसानं चुलीपाशी नाही तर मोरीपाशी जायचं नाही असा नेमच होता.

मंग केंद्रच बंद झालं. दोन हजार पाच-सहाची ती वर्षं, कापसाचे हाल कुत्रं खाईना. माल गेला खाजगी व्यापाऱ्याच्या दारात, तिथं ग्रेडर कोणाले पाहिजे? पहिले काही दिवस हे दाढी करून, इस्तरीचा सदरा घालून निघत अन् कुलपासमोर बसून येत. मंग दाढी सुटली. मंग बोलणं सुटलं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहत, जेवायले उठवलं तर उठत, नाही तर तेही नाही.

त्या दिवसात रोज कोणत्या ना कोणत्या गावचा शेतकरी गेल्याची बातमी येई. आमच्या गल्लीतल्या कोणत्याच बाईनं घरच्या बाप्या माणसाले एकटं सोडलं नाही, पण तोंडानं कोणी काही बोलत नव्हतं. मलेही तेच भेव होतं, सरळ सांगते. आमच्याकडं वावर नाही, फवाऱ्याची दवाई नाही, तरी मी यायले कोणत्याच दाराची कडी लावू देत नव्हती. बाजारात जायचं असलं का शेजारच्या विमलताईले बोलावून घ्यायची, म्हणायची बसा जराशा, तूर निवडू लागा. दर बाजारी एवढी तूर कोण निवडते? यायले सारं समजत होतं. मले काय लहान पोट्टं समजतं काय, म्हणून एक दिवस ताट लोटून दिलं अन् मंग आठवडाभर अबोला. म्हटलं ठेवा अबोला, जिवंत तर आहात.

अशात गावच्या एका शाळेचे सचिव, किसनराव, घरी आले. त्यायले शाळेत केंडो नावाचा जपानी खेळ सुरू करायचा होता. बांबूच्या तलवारीनं खेळतेत, म्हणे. जिल्ह्यात कोणी खेळत नाही, म्हणून पोट्टे पहिल्याच वर्षी मेडल आणतीन, हा त्यायचा हिशेब. यवतमाळले शिबिर होतं, ते पूर्ण करून परीक्षा पास होईन तो शाळेचा मास्तर. किसनराव म्हणे, साहेबाले उंची आहे, आवाज आहे, यायलेच पाठवा. आमचे हे पन्नाशीले टेकलेले, उभ्या जन्मात हातात कधी काठी धरली नाही. पण मी यायचं तोंड उघडायच्या आत हो म्हणून टाकलं. मास्तरकीचं सोडा, दिवसभर चार लोकांत राहतीन, हेच माह्या डोक्यात होतं.

हे रोज सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येऊ लागले. मी तीन वाजतापासून दाराशी. शिकवणारी नागपूरची एक पोरगी होती, शाल्मली नावाची, आमच्या आभापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी. तलवारीले ती शिनाई म्हणे. बांबूच्या चार पट्ट्या बांधलेल्या, मुठीले चामडं, अन् वरच्या अंगानं एक दोरी ताणलेली. डावा हात मुठीच्या पार शेवटी, उजवा वर, नुसता टेकू द्यायले. सारं बळ डाव्या हाताच्या करंगळीत अन् तिच्या बाजूच्या बोटात, अंगठा अन् पहिलं बोट ढिलं. आमचे हे नेमकं उलटं करत. जन्म गेला कापूस चिमटीत धरण्यात, करंगळी बिचारी बिनकामाची. शाल्मली समोरून शिनाई जराशी ओढे का यायच्या हातातून सुटून फरशीवर पडे. बाकीचे सारे कालेजचे पोट्टे, ते हासत. हे घरी येत अन् पुन्हा भिंतीकडं तोंड. एका संध्याकाळी म्हणाले, उद्या जात नाही.

मी विचारलं, ती शिकवते तरी कसं, मले दाखवा. हे बसल्या जागेवरून कंटाळून म्हणाले का ती म्हणते, ओलं फडकं पिळता ना, तशी पकडा. मंग, म्हटलं, तसं धरा. हे आपल्याच हाताकडं पाहत म्हणाले, "शोभा, मी कधी फडकं पिळलं नाही वो."

अन् तिथं साऱ्यासमोर हो हो म्हणून मान हलवून आलते! अगं बाई, मले हासू आवरेना. केंद्र बंद झाल्यापासून पहिल्यांदा हासली मी. हात धरून मोरीवर नेलं, बादलीतला टॉवेल दिला, म्हटलं पिळा. यायनं तो दोन बोटांनी असा उचलला, जसा मेलेला उंदीरच. मंग मी त्यायच्या हातावर माहे हात ठेवले. करंगळी पहिले आवळा, मंग बाजूचं बोट, वरची बोटं नुसती लागू द्या, अन् दोन्ही मनगटं आत वळवा. पाणी निघालं तसं हे टॉवेलाकडं पाहतच राहिले. दुसरा दे, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून एसटीच्या आधी घरातलं सारं धुणं हेच पिळू लागले, अंगणात, उजेडात. माही लुगडीसुद्धा. बापूजी असते तर घर सोडून गेले असते. विमलताई कुडावरून डोकावून म्हणे, काय वो, साहेबाले धुण्याले लावलं काय? मले वाटलं झालं, आता हे आत जाऊन पडतीन. पण हे तिच्याकडं पाहून म्हणाले, ताई, तुमच्याही चादरी आणा. तिनं खरंच आणल्या, सोडते थोडीच. हाताले फोडं आले, डाव्या करंगळीची कातडी निघाली, मी हळद लावून दिली. जेवायले मात्र हाक मारायच्या आधीच येऊन बसू लागले.

परीक्षेच्या दिवशी मी संग गेली, डोळे दाखवायचे आहेत असं खोटं सांगून. हॉलच्या दारात बसली. शाल्मलीनं एकेकाची मूठ पाह्यली. यायच्यापुढं आली, अंगठा अन् पहिल्या बोटामधली खाच दोरीच्या रेषेत आहे का पाह्यलं, अन् शिनाई धरून ओढली. सुटली नाही. पुन्हा जोरानं ओढली, हे स्वतः पाऊलभर पुढं सरकले पण मूठ हालली नाही. ती म्हणाली, काका, ही पकड आता तुमची झाली. मले रडू फुटलं, कायले खोटं सांगू. येताना यायनं एसटीत खिडकीची जागा मले दिली अन् रस्ताभर बोलत होते, पोट्ट्यायले पहिल्याच दिवशी ओले फडके आणायले लावीन म्हणून.

अन् मंग दुष्काळात तेरावा महिना. हे प्रमाणपत्र घेऊन शाळेत गेले तर किसनराव मान खाली घालून बसलेले. गावोगावचे मायबाप पोट्टे घेऊन कामाले बाहेर निघून गेलते, वर्ग अर्धे रिकामे, संस्थेनं यंदा खेळ काढूनच टाकले. किसनरावाची काही बेइमानी नव्हती, उलट त्याच्याच डोळ्यात पाणी होतं, असं हे म्हणाले. इतकंच म्हणाले अन् खुर्चीत बसले.

चहा दिला, तो निवून वर साय धरली. मी बोलून पाह्यलं, किसनरावाले शिव्या देऊन पाह्यल्या, आभाले फोन लावू का विचारलं. यायनं खुर्ची भिंतीकडं वळवून घेतली. आधी नुसता उदास माणूस होता, आता मीच त्याले आशेवर चढवून वरून ढकललं होतं. काय करू, देवा, कोणाले सांगू? दुसऱ्या दिवशी बाजार, घरात ना मीठ ना तेल, जाणं तर भागच. मनात जुळवणी सुरू झाली, विमलताईले कोणत्या निमित्तानं बसवू? तूर तर पार निवडून झालती. मी कुडापाशी जाऊन तिले हाक मारायले तोंड उघडलं.

"तिले नको बोलावू," हे मागून म्हणाले.

वळून पाह्यलं तर उठून दारात उभे होते, चौकट धरून. म्हटलं आता चिडतीन, ताट फेकतीन, मी काय लहान पोट्टं आहे काय म्हणतीन. चिडले असते तर बरं वाटलं असतं मले.

"उद्या मलेच संग ने बाजारात," हे म्हणाले. "अन् परवाही. मले एकट्याले घरात ठेवू नको, शोभा. मले माहाच भरोसा नाही."

ज्या गोष्टीचं नाव आम्ही दोघांनी इतके महिने घेतलं नव्हतं, ती यायनं भर दिवसा अंगणात बोलून टाकली. मी जाऊन त्यायचा हात धरला. अन् यायनं माहा हात इतका घट्ट धरला, का मले दुखलं, तरी मी सोडवला नाही.